तळहातावर नील

हॅरोच्या त्या घरात आवाज नव्हते असं नाही, पण ते एकेकटे यायचे. मागच्या कुंपणापलीकडून मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन जायची, ती गेली की संपलं. बॉयलर खोकल्यासारखा सुरू व्हायचा आणि गप्प बसायचा. सासूबाईंचा मिक्सर सकाळी एकदा, चटणीपुरता. मधल्या वेळात इतकं शांत की फ्रिजची घरघर ऐकू यायची आणि मला वाटायचं काहीतरी बिघडलंय, आता कुणीतरी येऊन सांगणार. मी अशा ठिकाणी वाढलेच नव्हते. मी तंबूत वाढले, सांगली-मिरजेकडची आमची सर्कस, तिथं पहाटे जनरेटर धडधडायचा, हत्तीण साखळी ओढायची, बॅण्डवाले एकच तुकडा पुन्हा पुन्हा घासत बसायचे, केरळच्या ताया आणि नेपाळची पोरं आपापल्या भाषेत भांडायची, आणि त्या सगळ्या गोंधळात आम्ही लहान पोरं गाढ झोपायचो. इथं माझं बाळ शांततेला दचकून उठायचं. त्याच्या आधी मी उठलेली असायचे.

बसवायचंच नाही मला. खिडकी, मग किचन, मग जिना, मग परत खिडकी. सासूबाई सोफ्यावर बसून मटार सोलायच्या आणि माझ्याकडं बघून मान हलवायच्या.

"काजल, बस गं जरा. तू फिरतेस आणि गरगरतं मला."

"बसलेय की आई."

"कुठं बसलीयस? सोफ्याच्या हातावर. सोफ्याला मध्ये जागा असते, बघ एकदा."

त्या मूळच्या पुण्याच्या, पण लग्न होऊन थेट इथंच आल्या, आणि एका प्रायमरी स्कूलमध्ये डिनर लेडी, म्हणजे पोरांना दुपारचं जेवण वाढणाऱ्या, म्हणून रिटायर झाल्या. त्यामुळं घरात जेवणाची वेळ म्हणजे वेळ. बारा वाजले की ताट समोर. बेक्ड बीन्सला मोहरी-हिंगाची फोडणी देऊन वर गोडा मसाला, त्याची उसळ व्हायची, आणि ती चांगली लागायची, खोटं कशाला बोलू. मला बाळंतपणात अळिवाचे लाडू त्यांनीच केले, सुंठ घालून, आणि मी उभ्यानं खाते म्हणून रोज बोलल्या. वाईट नव्हत्या. फक्त मी कुठून आले हे त्यांना कुणापुढं सांगता यायचं नाही. मराठी मंडळातल्या बायकांना त्यांनी सांगितलं होतं की सूनबाईच्या वडिलांचा एंटरटेनमेंटचा बिझनेस होता. बायका विचारायच्या, म्हणजे फिल्मलाइन का? आई म्हणायच्या, तसंच काहीसं, टूरिंग असायचं त्यांचं.

बाबा मनोऱ्याच्या तळाला असायचे. सगळ्यात खाली ते, त्यांच्या खांद्यावर दोघं, त्यांच्यावर आणखी, आणि टोकावर मी. वरून मला बाबांच्या डोक्यावरचा भोवरा दिसायचा, तेवढंच. शाळा म्हणाल तर तंबू ज्या गावात, त्या गावची शाळा. अपूर्णांकांची सुरुवात मला पुष्कळ शाळांत शिकवली, शेवट एकाही शाळेत नाही. मग माणसं यायची कमी झाली, हत्तीण सरकारनं नेली, तंबूला ठिगळावर ठिगळ लागलं. समीर त्या शेवटच्या दिवसांत आला. त्याच्या काकांच्या रानात आमचा तंबू लागायचा, कापणी झाली की. तो हॅरोत जन्मलेला, चुलतभावाच्या लग्नाला मिरजेला आलेला. लग्न एक दिवस होतं, सर्कशीला तो रोज यायचा. बाबांना वाटलं याला काम पाहिजे. नंतर तंबूचं कापड ट्रकवाल्यांनी ताडपत्रीला नेलं, बाबा हैदराबादच्या एका वॉटर पार्कमध्ये रबरी ट्यूब तपासायला लागले, आणि मी इंग्लिशची परीक्षा कशीबशी पास होऊन इथं आले. समीरला मी तू म्हणते, त्यालाच तसं आवडतं, आईंसमोर मात्र 'हे' म्हणते. तो सकाळी सकाळी गाडी काढून बेसिंगस्टोकला जायचा, तिथल्या बिझनेस पार्कमध्ये त्याचं कॉम्प्युटरचं काम, आणि नील झाला तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेली मी घरात, आई, नील आणि फ्रिज.

बाबांचा व्हिडिओ कॉल यायचा, मागं घसरगुंडीवरून ओरडत येणारी माणसं. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"उभा केलास का गं?"

"अजून नाही बाबा."

"मान धरली?"

"कधीच धरली."

"पाय टेकवले की गुडघे ताठ करतो?"

"करतो."

"मग वाट कशाची बघतेस? मुहूर्ताची?"

"इथं बॅण्ड कुठाय बाबा."

"तोंडानं वाजव."

आमच्यात पद्धत आहे. बाळ गुडघे ताठ करायला लागलं की त्याला हातावर उभं करायचं. दुपारच्या खेळाच्या आधी, तंबू रिकामा असताना, बॅण्ड मार्च वाजवतो, बाळाचा बाप नाहीतर आजोबा रिंगच्या मधोमध येतो, बाळाला छातीपाशी धरून त्याची पावलं आपल्या तळहातावर ठेवतो, हात वर नेतो, आणि दुसरा हात काढून घेतो. बाळ उभं राहतं. एक श्वासभर. बॅण्ड थांबतो, आचारी शिरा वाटतो, आणि त्या दिवसापासून ते बाळ सर्कशीचं. बाबांना असंच उभं केलं होतं, मला बाबांनी केलं होतं. सर्कस आता नव्हती, म्हणून तर बाबांना घाई. आणि म्हणून मलाही. मी नीलचे पाय माझ्या हातात धरून बघायचे, गादीवर, बोटभर उंचीवर, आणि तो खालून जोर लावायचा, अगदी ओळखल्यासारखा.

"काय चाललंय?" आई दारातून.

"काही नाही आई, व्यायाम."

"बसता येत नाही अजून त्याला. आईवर गेलाय."

आमच्या इथल्या एका थिएटरमध्ये सकाळचा सिनेमा असतो, बाळं घेऊन आलेल्या आयांसाठी. दिवे पूर्ण घालवत नाहीत, आवाज बेतानं ठेवतात, कुणाचं बाळ रडलं तरी कुणी वळून बघत नाही. आईच म्हणाल्या, जा, तुलाही जरा बाहेर आणि मलाही जरा घरात. मी नीलला प्रॅममध्ये घातलं, बसनं गेले. कुठला सिनेमा आहे ते पाटीवर लिहिलं होतं, पण माझं इंग्लिश वाचन तेव्हा असं की पाटी वाचून होईपर्यंत दार बंद झालं असतं. जाऊन बसले. शेजारी जुळ्या मुलांची एक बाई होती, तिनं मला बिस्कीट दिलं. पडदा उजळला आणि त्यात तंबू होता.

जुना अमेरिकन सिनेमा, गाण्यांचा. रंग असे की लाल म्हणजे कुंकू आणि निळा म्हणजे शाई. एक सर्कस, बुडायला आलेली. मालकाची मुलगी तारेवर चालते. गावातला एक पियानो शिकवणारा, त्याच्याकडं कुणी शिकायला येत नाही, तो तिला बघतो आणि बॅण्डमध्ये शिरतो. मग दोघं गातात. गवताच्या गाडीवर गातात, घोड्याला पाणी पाजताना गातात, भांडतानासुद्धा गातात. मला हसू आलं, कारण आमच्यात कुणी गायचं नाही, तेवढा दम कुणाकडं शिल्लक नसायचा. ती तर तारेवर चालता चालता गात होती. तारेवर माणूस थुंकीसुद्धा गिळत नाही. पण तंबूचं ठिगळ खरं होतं. दोऱ्याचा टाका तसाच, तिरका, घाईघाईत मारलेला. आणि तो पियानोवाला तिच्याकडं बघायचा ते अगदी समीरसारखं, तोंड जरा उघडं ठेवून. मी रडायला लागले, हसू आणि रडू एकदमच, आणि नीलला मांडीवर घट्ट धरून बसले, आणि तो पाय झाडत होता, जोर लावत होता.

मग सिनेमात पाऊस येतो. समोर पाच-सात माणसं बसलेली, छत्र्या घेऊन. सगळे म्हणतात आज खेळ नको. तो म्हातारा मालक बॅण्डकडं वळतो आणि हात वर करतो, आणि बॅण्ड मार्च सुरू करतो. आमचाच असं नाही, पण मार्च सगळे एकाच पोटचे असतात. ट्रम्पेट चढलं आणि मी उभी राहिले. मला खरंच आठवत नाही मी ठरवलं कधी. नीलची पावलं माझ्या तळहातावर आली, हात वर गेला, दुसरा हात मी काढून घेतला. तो उभा राहिला. काठीसारखा सरळ, पडद्याचा उजेड सगळा त्याच्या अंगावर, दोन्ही मुठी आवळलेल्या, आणि तो खाली माझ्याकडं नाही, समोर बघत होता. एक श्वासभर. मी आजही डोळे मिटले की मला तो भार तळहातावर कळतो.

कुणीतरी ओरडलं. मी त्याला छातीशी घेतलं, नीट, जसं घ्यायचं तसं. त्याला काही झालं नव्हतं, उलट खुशीत होता. पण अख्खं थिएटर वळून माझ्याकडं बघत होतं आणि पडद्यावर ती मुलगी एकटीच गात राहिली होती.

"व्हॉट आर यू डूइंग?" जुळ्यांची बाई उभी राहिली होती, दोन्ही बाळांना कवटाळून. "व्हॉट आर यू डूइंग टू हिम?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "इट्स ओके. सर्कस."

त्यानं ते आणखीच बिघडलं. टॉर्च घेऊन मॅनेजर आला, चांगला बोलला, नाव विचारलं, बाळाचं नाव विचारलं, मी घाबरून दोन्ही सांगितली, पत्तासुद्धा सांगितला, त्यानं विचारला नव्हता तरी. त्या बाईचा मला राग नाही. आता नील शाळेत जातो आणि बागेत दुसऱ्या कुणाचं पोर घसरगुंडीवर उलटं चढलं तरी मी हात पुढं करून खाली जाऊन उभी राहते. तिच्या जागी मीही ओरडले असते.

घरी येऊन मी समीरला फोन केला. तो मीटिंग सोडून बाहेर आला असणार, वाऱ्याचा आवाज येत होता. "ओके. ओके. हे कोणी कोणी बघितला?" त्याचं मराठी घाबरलं की जास्तच वाकडं होतं. आईंनी दुसराच प्रश्न विचारला. "आपल्यातलं कुणी होतं का तिथं?" मी म्हटलं, नाही, सगळ्या इथल्याच होत्या. त्या सोफ्यावर बसल्या, मग उठल्या, मग नीलला उचलून त्याचे पाय, हात, डोकं सगळं चाचपून बघितलं आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. समीर आला तेव्हा म्हणाल्या, "हिला विचार, आणखी काय काय शिकवून पाठवलंय."

मग कौन्सिलमधून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, फोन आला की थिएटरनं कळवलंय, लहान मुलांचं बघणारी सोशल वर्कर भेटायला येणार.

तिचं नाव हेलन. उंच, पिकलेले केस, बूट तिनं न सांगता दारातच काढले. घरच्या माणसानं दुभाष्याचं काम करायचं नाही, असा त्यांचा नियम, त्यामुळं तिनं फोन टेबलावर ठेवला आणि त्यातून एक बाई बोलायला लागली, मराठीत, अगदी बातम्या वाचल्यासारखी. नाव सांगायची परवानगी नसते म्हणाली. मी कार्डिफहून बोलतेय, इथं वारं फार आहे, आवाज तुटला तर सांगा, म्हणाली. आई भडकल्या होत्या. "मी इथं जन्म काढला, मला येत नाही का सांगता?" हेलननं हसून त्यांना किचनमध्ये बसायला सांगितलं. आईंना त्यांच्याच किचनमध्ये कुणी पाठवलं असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

"आपण आपल्या बाळाला उंचावर का धरलंत, असं त्या विचारत आहेत," फोनमधली बाई म्हणाली.

मी सांगायला लागले. एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना, तंबू, बाबा, मार्च, शिरा, सगळं. ती बाई मागून धापा टाकत इंग्लिश करत होती. हेलन ऐकत होती. मग तिनं विचारलं, तुमच्याकडं बाळ पडलं तर?

"पडत नाही," मी म्हटलं.

"पण पडलंच तर, असं त्या पुन्हा विचारत आहेत."

आणि मला ते दिसलं. इतके दिवस मला फक्त वरचं आठवत होतं, हात आणि बाळ. आता खालचं दिसलं. माझ्या मामेभावाला उभं केलं तेव्हा मामाच्या हाताखाली अख्खी सर्कस गुडघ्यावर बसली होती, गोल करून, हात पसरून. जोकर, आचारी, झुल्यावरच्या ताया, माहूत. मीसुद्धा होते, माझे हात दोघींच्या मध्ये घुसवलेले. आमच्यात खाली माणूस असल्याशिवाय वर कुणी जात नाही. मनोऱ्यात नाही, झुल्यावर नाही, कुठंच नाही. थिएटरमध्ये नीलच्या खाली काय होतं? खुर्च्या. मी हे सगळं हेलनला सांगितलं, मीच सांगितलं, माझ्याच विरुद्ध जाईल हे कळत असून. म्हटलं, "खाली कुणी नव्हतं. मी बघितलंच नाही." फोनमधल्या बाईनं तेही इंग्लिशमध्ये सांगितलं.

हेलन म्हणाली, आणि इथं, या घरात, तुला मदतीला कोण आहे? मी सोफ्यावरची उशी सरळ करायला लागले. तेवढ्यात किचनच्या दारामागून आवाज आला, "मी काय मेलेय का?"

फोनमधल्या बाईचं काम जे ऐकू येईल ते सगळं सांगायचं. तिनं तेही सांगितलं, त्याच सुरात, "ॲम आय डेड?" हेलननं कपाळाला हात लावला, पण हसली ती मला दिसली.

जाताना मात्र हसली नाही. म्हणाली, हे पुन्हा करायचं नाही, कुठंच, कुणाहीबरोबर. मी पुन्हा येईन, तुम्हा दोघांना बघेन, आणि मग ठरवेन की हे प्रकरण इथंच बंद करायचं की पुढं न्यायचं. मी मान हलवत राहिले. पुढं म्हणजे काय हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं असं मला वाटत होतं. मंडळातल्या बायकांच्या तोंडून ऐकलेलं, कुणाच्या तरी ओळखीतल्या कुणाचं बाळ नेलं, कोर्टात नेलं, परत दिलंच नाही. पुढं म्हणजे ते.

त्यानंतर मी नीलला उचलायचं सोडलं.

एका दिवसात नाही. आधी आंघोळ सोडली. साबणानं हात निसटेल, आणि निसटला असं कुणी म्हणेल. मग प्रॅममधून काढायचं सोडलं. मग पाळण्यातून. दूध पाजायला मी पलंगावर आडवी व्हायचे आणि आई त्याला आणून शेजारी ठेवायच्या. तो जवळ आला की मी माझे हात बघायचे, सर्कशीचे हात, तळव्याला घट्टे असलेले, आणि वाटायचं हे माझं ऐकणार नाहीत, कुठंतरी बॅण्ड वाजला की हे आपलं आपण उठतील. रस्त्यावर गाडी थांबली की मी खिडकीत. पोस्टमन आला तरी खिडकीत. आडवी झाले तरी पाय हलत राहायचे. बाबांनी फोन केला, म्हणाले, त्या बाईला माझा नंबर दे, मी सांगतो चूक माझी आहे. मी म्हटलं त्यांना तुमची भाषा येत नाही बाबा. त्यांच्या मागं पाण्यात माणसं ओरडत होती. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही, उभा केलास का.

समीर घरी आला की नीलला घेऊन माझ्याजवळ बसायचा. "तू चांगला आई आहेस," म्हणायचा. "प्लीज, घे ना याला जरा." मी म्हणायचे, तू घेतलायस ना, मग झालं.

आई तेवढ्या मवाळ नव्हत्या. "घे त्याला, मला पोळ्या लाटायच्यात."

"मी लाटते पोळ्या आई."

"पोळ्या मला येतात. आई मी त्याची नाहीये." आणि मग, पहिल्यांदा त्या घरात, मोठ्यानं, "सर्कशीत काय पोरं आपोआप वाढतात का गं?"

मी पोळ्या लाटल्या. त्यांनी नीलला घेतलं. तो माझ्याकडं हात करायचा आणि मी पिठाचे हात दाखवायचे. मला वाटत होतं मी बरोबर करतेय. हात लावला नाही तर कुणी काय म्हणणार.

हेलन आली त्या दिवशी ऊन होतं. नील मॅटवर, भोवती खेळणी, मी आधीच नीट मांडून ठेवलेली, दुकानात असतात तशी. आई न सांगता किचनमध्ये गेल्या. फोन टेबलावर ठेवला, आणि तीच बाई होती, मी आवाजावरून ओळखलं. तिनंही मला ओळखलं असणार, पण नमस्कार पहिल्यासारखाच, कोरडा.

"त्या दिवसानंतर आपण पुन्हा तसं काही केलंत का?"

"नाही. अजिबात नाही." आणि मी अभिमानानं पुढं म्हटलं, "आता मी त्याला उचलतच नाही."

मला वाटलं हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे. मी ते मनात घोकून ठेवलेलं. फोनमधली बाई नेहमी माझं वाक्य संपायच्या आत सुरू करायची, या वेळी उशिरा सुरू झाली. हेलननं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

म्हणजे कधीपासून? विचारलं तिनं. मी सांगितलं. आंघोळ कोण घालतं? आई. रडला की कोण घेतं? आई, नाहीतर हे. रात्री? हेच. मी एकेक उत्तर देत होते आणि हेलनचा चेहरा एकेका उत्तराला असा होत चालला की मला कळेना मी कुठं चुकतेय. तेवढ्यात नील पालथा झाला. त्याला ते नुकतंच जमायला लागलं होतं, पण परत उताणं होता येत नव्हतं. एक हात पोटाखाली अडकला, तोंड मॅटच्या काठाला, आणि तो रडायला लागला.

मी माझे हात मांडीखाली घेतले, त्यांच्यावर बसले.

हेलननं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, हीच परीक्षा आहे. हात लावला की संपलं. ती पुढं झुकली, पण उठली नाही, मीच काय करते ते बघत होती, आता कळतं मला, तेव्हा कळलं नाही. नीलचं रडणं वर चढलं, मग ते श्वास अडकून गप्प होतं ना, तसं झालं, आणि मग फुटलं. किचनमध्ये आईंच्या हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. पण त्या आल्या नाहीत. त्यांनाही मागच्या वेळी किचनमध्येच बसायला सांगितलेलं होतं. तिघी बायका आम्ही, आणि एकीलाही उठता येईना.

"अगं, घे ना त्याला."

फोनमधून आलं. बातम्यांचा आवाज नाही, 'आपण' नाही, 'आपल्या बाळाला' नाही. एखादी मावशी शेजारून बोलावी तसं.

हेलन चमकली. "सॉरी, व्हॉट वॉज दॅट?"

फोनमध्ये नुसतं वारं. मग इंग्लिशमध्ये, हळू, "आय टोल्ड हर टू पिक हिम अप. दॅट वॉज मी. आय ॲम सॉरी." आणि लगेच परत माझ्याकडं, मराठीत, "घे बाई. काही होत नाही."

मी कधी उठले, मला माहीत नाही. एक हात त्याच्या पोटाखाली गेला, दुसरा मानेमागं, आणि तो माझ्या खांद्यावर होता. जड झाला होता. एवढ्या दिवसांत किती वाढला होता, आणि मला माहीतच नव्हतं. त्यानं माझी वेणी मुठीत धरली, शेंबूड माझ्या मानेला पुसला, हुंदका दिला, मग आणखी एक, लांबलेला. मी चालायला लागले. खिडकी, जिना, परत खिडकी. तेच घर, तीच चाल, फक्त आता कुणासाठी तरी चालत होते.

हेलननं विचारलं, मी समोर बसलेली नसताना तो रडला तर तू त्याला घेशील का? फोनमधली बाई म्हणाली, "त्या विचारत आहेत की..." आणि मी तिला पुढं बोलू दिलं नाही, मला समजलं होतं. माझ्या इंग्लिशमध्ये सांगितलं, "बिफोर, नो. फ्रॉम टुडे, यस."

"यू कॅन सिट डाउन, यू नो," हेलन म्हणाली.

"नो," मी म्हटलं. "वॉकिंग."

ती बराच वेळ आम्हाला बघत बसली. घाबरू नकोस असं ती म्हणाली नाही. म्हणाली की मुलाला उचलायला घाबरणाऱ्या आईची मला जास्त काळजी वाटते, आणि क्लिनिकमधली नर्स अधूनमधून येऊन तुझ्याशी बोलेल, आणि माझ्यापुरतं हे मी इथं बंद करतेय. बंद हा शब्द फोनमधल्या बाईनं मला दोनदा सांगितला, एकदा हेलनसाठी आणि एकदा आपल्या मनानं. मग तिनं विचारलं की आणखी काही आहे का, हेलन नाही म्हणाली, आणि मी थँक्यू म्हणायच्या आत लाइन बंद झाली.

दारापर्यंत मी हेलनला सोडायला गेले, नील खांद्यावर झोपला होता. ती बूट घालून गेली. आई किचनमधून बाहेर आल्या, डोळे पुसलेले, हातात माझं ताट. बारा कधीच वाजून गेले होते.

"झालं ना? मग दे आता इकडं त्याला. तुझं जेवण राहिलंय."

"नाही देणार आई," मी म्हटलं. "असंच जेवते."

त्यांनी ताट टेबलावर ठेवलं, पोळीचे तुकडे केले, लहान लहान, शाळेतल्या पोरांना करून देतात तसे, आणि मी उभ्यानंच जेवले.